पायडलवर उडवायचंय? मग फॉइल शेवटी, आधी वॉटचा हिशोब

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. नागपूरची तीन इंजिनिअरिंगची पोरं आहेत, पायडलवर उडणारं विमान बांधायचंय. स्पॅन, म्हणजे विंगची टोक ते टोक लांबी, १६ मीटर ठरवलाय कारण शेड तेवढंच आहे, विंगचा फॉइल, म्हणजे छेदाचा आकार, नाका ४४१२, पुढे कॅनार्ड, म्हणजे नाकाशी छोटी विंग, कारण पायडलवरच्या जुन्या गॉसमर कॉन्डर विमानाला होता, पॅरामोटरचा (पाठीवर बांधून उडायच्या मोटरचा) १.२ मीटरचा प्रॉप, म्हणजे पंखा, सेकंडहँड मिळतोय, आणि जमलं तर पुढच्या वर्षी त्याच विमानाला इलेक्ट्रिक मोटर लावायची. एवढं सगळं लिहून विचारलंय काय, तर ४४१२ बरा की डीएई २१ हा दुसरा फॉइल बरा.

भाऊ, फॉइल हा तुमचा प्रश्नच नाहीये सध्या. बाकीच्या चार गोष्टी आधीच ठरवून टाकल्या तुम्ही, आणि त्यातल्या दोन अशा आहेत की जगातला सगळ्यात भारी फॉइल लावला तरी विमान जमीन सोडणार नाही. मी असं का म्हणतोय ते आकड्यांत दाखवतो, कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

पायलट ६२ किलो, विमान ३८ किलो धरू, म्हणजे एकूण १००. (पहिल्याच प्रयत्नात ३८ किलोत बसवलं तर मी स्वतः येऊन सत्कार करीन, पण धरून चालू.) वेग ७ मीटर पर सेकंद, म्हणजे ताशी २५ किमी. हवेची घनता १.२, ती का ते खाली येते. आता ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा, लिफ्ट म्हणजे वर उचलणारा जोर, आणि इंड्यूस्ड ड्रॅग म्हणजे ती लिफ्ट तयार करायची जी किंमत मोजावी लागते ती, आणि ती वजनाच्या वर्गावर जाते आणि स्पॅनच्या वर्गाने भागली जाते. विंगच्या एरियाने नाही, अॅस्पेक्ट रेशोने (लांबी-रुंदीच्या प्रमाणाने) नाही, सरळ स्पॅनने. १६ मीटरला हा ड्रॅग येतो ४३ न्यूटन, गुणिले ७ म्हणजे ३०० वॉट. फक्त हवेत टिकायचे ३०० वॉट, अजून विंगचं घर्षण नाही, पायलटचा पॉड, म्हणजे बसायची बंद खोळ, नाही, शेपूट नाही. तेच वजन, तोच वेग ठेवून स्पॅन २८ मीटर करा, १४ न्यूटन, ९८ वॉट. २०० वॉटचा फरक निव्वळ लांबीचा आहे, त्यात फॉइलचा काडीचा संबंध नाही.

आता बाकीचा ड्रॅग टाका. विंग एरिया २८ चौरस मीटर, फॉइलचा ड्रॅग कोइफिशंट ०.०११, आणि पॉड, शेपूट, वायर, फटी असं सगळं मिळून पाव चौरस मीटरच्या सपाट पाटीएवढा ड्रॅग धरू. त्याचे साधारण ११५ वॉट होतात. म्हणजे २८ मीटरवाल्याला २१३ वॉट आणि १६ मीटरवाल्याला ४१५. प्रॉप आणि ड्राइव्ह मिळून ८२ टक्के एफिशियन्सी धरली, जी चांगल्या मोठ्या प्रॉपलाच मिळते, तर पायडलवर अनुक्रमे २६० आणि ५०६ वॉट.

बरा फिट, नियमित सायकल चालवणारा माणूस २०-३० मिनिटं किलोमागे ३ वॉटच्या आसपास देतो. ६२ किलोच्या पोराचे झाले १८०-१९०. २६० वॉट तो सराव करून काही मिनिटं देईल, पहिल्या फ्लाइटला तेवढं भरपूर झालं. ५०६ म्हणजे किलोमागे ८ वॉट, तिथे गोष्ट सेकंदांत मोजायची, आणि त्या सेकंदांत टेकऑफचा रोलही आला. तुमच्यातला कोण किती देतो हे अंदाजाने ठरवू नका, जिममधल्या वॉट दाखवणाऱ्या बाइकवर बसवा आणि पाच मिनिटांचा आकडा लिहून आणा. आणि खरं सांगू का, पायलट निवडताना जो सगळ्यात जास्त वॉट देतो तो घ्यायचा नाही, जो किलोमागे जास्त देतो तो घ्यायचा. तिघांपैकी ज्याला हौस जास्त तो बसणार असं असेल तर हौस वॉटमध्ये मोजून पाहा एकदा.

आता कोणी म्हणेल पायडलवरच्याच म्युस्क्युलेअर २ विमानाचा स्पॅन तर २० मीटरच्या आतच होता, आणि ते ऑक्टोबर १९८५ मध्ये ताशी ४४ किमीने उडालं. बरोबर आहे. पण ते बक्षीस वेगाचं होतं, दीड किलोमीटरचा कोर्स, दोन मिनिटांचा स्प्रिंट. वेग वाढला की इंड्यूस्ड ड्रॅग कमी होतो आणि घर्षणाचा खर्च वेगाच्या घनाने वाढतो, म्हणून तिथे छोटी, एकदम गुळगुळीत विंग पाहिजे. विमान सुमारे २५ किलोचं, आणि बांधणारे गुंटर रोखेल्ट काही पहिलंच विमान बांधत नव्हते. उलट टोकाला डीडॅलस, तेही पायडलवरचंच, २३ एप्रिल १९८८, क्रीट ते सँटोरिनी, ११५ किमी, ३ तास ५४ मिनिटं, स्पॅन ३४ मीटर, रिकामं वजन ३१ किलोच्या आसपास. काम काय आहे त्यावर स्पॅन ठरतो. तुमचं काम आहे जमिनीपासून दोन-तीन मीटरवर सरळ रेषेत काही शे मीटर जाणं, म्हणजे तुम्ही डीडॅलसच्या बाजूचे. शेड १६ मीटरचं आहे तर विंग तीन तुकड्यांत करा, ती तशीही तुकड्यांतच करावी लागते, नाहीतर ट्रकवर चढवणार कशी.

स्पॅन वाढवला की वजन वाढते, हे खरं आहे, माझं वरचं समान वजनाचं गणित तेवढ्यापुरतं लबाड आहे. २८ मीटरवाला तुमच्या हातून ३८ ऐवजी ४४ किलोचा झाला तर एकूण १०६, इंड्यूस्ड भाग १२ टक्क्यांनी वाढेल, म्हणजे ९८ चे ११० वॉट. तरी ३०० च्या कुठे जवळपास नाही. विंगलेट, म्हणजे विंगच्या टोकाला वर वळवलेला तुकडा, लावा असं पण कोणीतरी तुमच्या प्रश्नावर सुचवलं होतं, नको. जेवढं मटेरियल विंगलेटला लागते तेवढ्यात टोक सरळ बाहेर वाढवा, एअरलाइनवाल्यांना गेटची रुंदी सांभाळायची असते, तुम्हाला नाही.

जमिनीजवळ उडण्याचा एक फुकटचा फायदा आहे, ग्राउंड इफेक्ट. २८ मीटर स्पॅन आणि विंग ३ मीटर उंचीवर असेल तर इंड्यूस्ड ड्रॅग साधारण पाव भागाने कमी होतो, २५ वॉट वाचतात. म्हणून उंच जायचा मोह नको, उंच गेलं की महागही पडते आणि पडलं तर दुखतेही.

प्रॉपचं बोलू. पॅरामोटरचा प्रॉप सोडून द्या, फुकट दिला तरी नको. प्रॉपचं गणित असं आहे की भरपूर हवा हळू ढकलली तर शक्ती वाचते, थोडी हवा जोरात ढकलली तर वाया जाते. ७ च्या वेगाला ३० न्यूटन थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, पाहिजे असेल तर ३ मीटरच्या प्रॉपची आदर्श एफिशियन्सी ९६-९७ टक्के येते, १.२ मीटरची ८४, आणि तुमच्या १६ मीटरच्या विमानाला ५९ न्यूटन लागणार तिथे ती ७५ वर येते. हे कागदावरचं, ब्लेडचं घर्षण धरून सगळ्यांतून अजून दहा-बारा टक्के वजा करा. म्हणजे तुमचा मूळ प्लॅन पायडलवर साडेसहाशे वॉटच्या पुढे जातो. शिवाय तो छोटा प्रॉप हजाराच्या आसपास आरपीएमला काम करतो, तुमचे पाय ९० ला, म्हणजे दहा-बारा पट गिअरिंग, त्याचं वजन वेगळं आणि नुकसान वेगळं. ३ मीटरचा प्रॉप १२५-१३० आरपीएमला खुश असतो, सायकलचीच दोन चेनव्हील बसवून काम होते. ब्लेड निळ्या फोमच्या शीटमधून हॉट वायरने कापून वर ग्लास आणि इपॉक्सी, हे घरी जमते, दोन ब्लेडचं वजन आणि पिच (ब्लेडचा कोन) सारखं आलं म्हणजे झालं.

कॅनार्ड. पॉल मॅकक्रेडींनी बांधलेल्या कॉन्डरने २३ ऑगस्ट १९७७ ला कॅलिफोर्नियात शाफ्टरला आठचा आकडा पूर्ण करून पायडलवर उडण्याचं क्रेमर बक्षीस घेतलं, आणि १२ जून १९७९ ला त्यांचंच त्याच ढंगाचं गॉसमर अल्बट्रॉस, इंग्लिश खाडी पार, २ तास ४९ मिनिटं, दोन्हीवर पायलट ब्रायन अॅलन. त्यामुळे फोटो पाहून सगळ्यांना कॅनार्ड पाहिजे असतो. पण स्टॅबिलिटीसाठी पुढच्या विंगने जास्त लोड घेऊन आधी स्टॉल व्हायला (कोन जास्त होऊन लिफ्ट सुटायला) पाहिजे, म्हणजे मोठी मागची विंग कधीच पूर्ण कामाला येत नाही, आणि पुढच्याची खाली ढकललेली हवा मागच्याच्या मधल्या भागावर येते. डीडॅलसवाल्यांनी मागेच शेपूट लावली आणि त्यांच्या नंतरच्या बहुतेकांनी तेच केलं. तुम्ही पण तेच करा. सरासरी कॉर्ड, म्हणजे विंगची पुढून मागे रुंदी, १ मीटर, शेपटीचा हात, म्हणजे विंगपासूनचं अंतर, ५ मीटर, तर २ चौरस मीटरची आडवी शेपूट पुरते, आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी कॉर्डच्या ३०-३५ टक्क्यांच्या मागे जाऊ देऊ नका.

पण कॉन्डरकडून शिकायची गोष्ट दुसरीच आहे, वळण. आधीची विमानं सरळ उडायची पण वळत नव्हती, कारण हिशोब पाहा: ७ च्या जागी ६ चा वेग, ५ अंश बँक (एका बाजूला कलणं), वळणाची त्रिज्या ४२ मीटर येते. ३० मीटर स्पॅनची आतली टीप तेव्हा ३.९ ने चाललीय आणि बाहेरची ८.१ ने, म्हणजे त्याच कोनात बाहेरच्या टोकाला आतल्याच्या चौपटीहून जास्त लिफ्ट. विमान आतल्या बाजूला कलंडतच जाते, आणि एलेरॉन, म्हणजे विंगच्या मागच्या कडेची हलणारी झडप, खाली करून आतली बाजू उचलायला जावं तर ड्रॅग वाढून ती अजून मागे राहते. शिवाय एवढ्या हलक्या विमानासोबत विंगभोवतीची हवाही हलवावी लागते, तिचं वजन विमानाच्या वजनाच्या जवळपास जाते. मॅकक्रेडींनी विंग उलट्या दिशेने पिळली, आतल्या बाजूचा कोन वाढवला, ड्रॅगने विमान त्या बाजूला वळलं आणि वाढलेल्या कोनाने ती बाजू खाली पडली नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की पहिल्या वर्षी एलेरॉन लावूच नका. रडर (शेपटीची उभी हलणारी पाटी), विंगला ५-६ अंश डायहेड्रल, म्हणजे टोकं वर उचललेली, ते तसंही लोडखाली वाकून येतेच, आणि सरळ उडवा. वळायचं नंतर पाहू.

वायर लावायची का हा तुम्ही न विचारलेला पण कामाचा प्रश्न. दोन्ही बाजूंना ८-८ मीटरची १.२ मिलिमीटर जाडीची स्टील वायर, ड्रॅग पाऊण न्यूटनच्या आत, पाच वॉटही नाही. तिच्यामुळे स्पारचं (विंगच्या आतल्या मुख्य दांड्याचं) वजन ३ किलोने कमी झालं तर इंड्यूस्डमधलेच सहा वॉट परत. म्हणजे हळू विमानात वायर पाप नाही. हेच मायक्रोलाइटच्या (हलक्या मोटरवाल्या विमानाच्या) वेगाला, २० मीटर पर सेकंदला, ३० मीटर लांबीची ३ मिलिमीटर वायर जवळपास ५०० वॉट खाते. म्हणून एका वेगाच्या विमानाची अक्कल दुसऱ्या वेगाच्या विमानाला जशीच्या तशी लावता येत नाही.

आता फॉइल, घ्या. ७ चा वेग आणि १ मीटर कॉर्ड म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (विंगचा आकार आणि वेग यावरून हवा कशी वाहील ते सांगणारा आकडा) साडेचार लाखांच्या आसपास, टोकाकडे दोन लाखांच्या खाली. इथे हवा विंगवरून सुटून परत चिकटते, तो बबल मोठा झाला की ड्रॅग वाढतो. ४४१२ दहा लाखांच्या वरचा गडी आहे, इथे तो नापास होत नाही, पण ढ ठरतो. डीडॅलसचे डिझायनर मार्क ड्रेलांनी डीएई मालिका बरोबर याच कामासाठी केली, विंगच्या बुडाला ११, मध्ये २१, टोकाकडे ३१. कागदावर डीएईच घ्यावा. पण कागदावरचा आकार तुमच्या विंगवर येतो का? विंगवर चढवलेलं पातळ मायलर प्लास्टिक दोन रिबच्या (विंगला आकार देणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये आत दबते, आणि दबलेला फॉइल डीएई राहत नाही, कोणताच राहत नाही. म्हणून वरच्या बाजूला पुढचा ५०-६० टक्के भाग पातळ फोमच्या शीटने मढवायचा, रिब जवळजवळ लावायच्या आणि मायलर फक्त मागे. हे करायची तयारी नसेल तर फॉइलवर भांडण्यात अर्थ नाही.

आणि फॉइल निवडताना जो आकडा कोणीच पाहत नाही तो म्हणजे पिचिंग मोमेंट, विंगला पिळणारा जोर. ड्रॅगमधल्या फरकाने तुमचे दहा-पंधरा वॉट जातील, मोमेंटने विंग जाईल. समजा मोमेंट कोइफिशंट उणे ०.१ आहे. १४ मीटरच्या अर्ध्या विंगवर बुडाला ४१ न्यूटन मीटरचा पीळ बसतो, नाक खाली करणारा. ऐकायला काहीच नाही. पण स्पार १०० मिलिमीटर व्यासाची, ०.४ जाडीची कार्बन ट्यूब आहे आणि सगळे धागे लांबीच्या दिशेने टाकलेत, कारण वाकण्याचीच चिंता केली, तर टोक साधारण १० अंश पिळले जाते. १० अंश! टोकाकडची विंग लिफ्ट द्यायचीच बंद होते, थोडा वेग वाढला तर खाली ढकलायला लागते, आणि २८ मीटरचे तुमच्या हातात राहतात १८. तेवढ्याच जाडीत धागे ४५ अंशात असते तर हाच पीळ २ अंशांवर येतो. म्हणून थर मिसळायचे, वाकण्यासाठी वर-खाली लांबीचे, आणि पिळासाठी पूर्ण गोल ४५ अंशांचे. बाजारात पतंग-टेंटसाठी मिळणाऱ्या पुलट्रुडेड (साच्यातून ओढून काढलेल्या) ट्यूबमध्ये सगळे धागे सरळच असतात, त्या विंगच्या मुख्य स्पारला अजिबात नको.

नागपूरचं म्हणून दोन-तीन गोष्टी, ज्या परदेशातल्या माहितीत तुम्हाला मिळणार नाहीत. मे महिन्यात ४५ डिग्रीला आपल्याकडे घनता १.०६ च्या आसपास येते, डिसेंबरच्या पहाटे १.२. तेच विमान तेच वजन, उन्हाळ्यात साडेसहा टक्के जास्त वॉट मागते. पण खरा घोळ रेझीनचा आहे. घरच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी ५०-६० डिग्रीला मऊ पडायला लागते, आणि काळी कार्बन ट्यूब नागपूरच्या उन्हात ७० च्या वर सहज जाते. टिनाच्या शेडमध्ये वाकडी टेकवून ठेवलेली ट्यूब मे संपेपर्यंत वाकडीच होऊन बसते, मग एकीकडे विंग पिळलेली का म्हणून शोधत बसा. पोस्टक्युअर करा, म्हणजे सुकल्यावर परत तापवून पक्कं करा, प्लायवूडची लांब पेटी आणि हीटर, हळूहळू तापवत न्यायचं, आणि ट्यूब नेहमी सरळ आधारावर, सावलीत. थर्मोकोलला पॉलिएस्टर रेझीन लावू नका, खाऊन टाकते, सॉल्व्हंटवालं रबर अढेसिव्ह पण तसंच. इपॉक्सी नाहीतर पाण्यातला गोंद.

पायलटचंही तेच, २५० वॉट पायडलवर द्यायला शरीर ८०० वॉटच्या आसपास उष्णता टाकते आणि तुम्ही त्याला प्लास्टिकच्या बंद पॉडमध्ये बसवताय. पुढून हवेचं एक भोक ठेवा, वॉटभर ड्रॅग वाढला तरी चालेल.

उडवायचं फक्त नोव्हेंबर ते जानेवारी, सूर्य उगवायच्या सुमारास. ऊन तापलं की थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, सुरू. २ मीटर पर सेकंदचा वर जाणारा झोत ७ च्या वेगाला आला तर विंगचा कोन एका झटक्यात १६ अंशांनी बदलतो, म्हणजे सरळ स्टॉल, किंवा स्पार गेला. फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावावर उडवू असं पोरं म्हणून राहिली असतील तर आत्ताच नाही म्हणा. जपानात बिवा तलावावर करतात ते बचावाच्या बोटी आणि पाण्यात उतरलेली माणसं घेऊन करतात, इथे मायलर आणि वायरच्या गुंत्यात माणूस पाण्याखाली गेला तर काढणार कोण. सोनेगावच्या एअरपोर्टच्या आसपासचं मैदान पण नको. जागा शहराबाहेर, मालकाच्या परवानगीने, आणि विमानांचं नियमन करणाऱ्या डीजीसीएची परवानगी काय लागते ते कॉलेजच्या लेटरहेडवर आधी विचारून घ्या.

मोटरचं. याच एअरफ्रेमवर मोटर नको, कायले दोन्ही कामं बिघडवता. मोटर आली की माणूस वर जातो आणि वेगात जातो, आणि ही विंग ९ मीटर पर सेकंदच्या पुढे पीळ सहन करायला बनलेलीच नाही. मोटरवालं वेगळं बांधा: १०-११ मीटर स्पॅन, विंगला खालून स्ट्रट (आधाराचे दांडे), टोकाला दोन-तीन अंश वॉशआउट, म्हणजे कोन कमी केलेला, १८ मीटर पर सेकंदचा वेग. आणि तिथे १.३ मीटर कॉर्डवर रेनॉल्ड्स पंधरा लाख येतो, तिथे खुशाल ४४१२ लावा, मोठ्या मनाचा फॉइल आहे, स्टॉल सौम्य देतो आणि रिब थोडी इकडेतिकडे झाली तरी रागावत नाही.

उडायच्या आधीची एक टेस्ट सांगतो. वायर किंवा दोरी, मध्ये ताणकाटा, आणि विमान चाकांवर नाही तर अर्धवट उचललेलं असताना सायकलने किंवा मोपेडने ७ च्या वेगाने ओढा, जमिनीपासून वीतभर. ड्रॅग ३ किलोच्या आसपास दाखवला तर वरचं गणित जमलंय. ५ दाखवत असेल तर पायलटला शिव्या देऊ नका, विंगवर लोकरीचे तुकडे चिकटवून मोबाइलवर व्हिडिओ काढा, टोकाकडचे धागे काय करताहेत ते पाहा, बहुतेक वेळा पीळ नाहीतर विंगच्या जोडावरची फट निघते. त्याआधी विंग उलटी ठेवून वाळूच्या पिशव्यांनी दीडपट लोड लावून घ्यायचा, आणि फक्त वाकणं नाही तर टोकाचा पीळही मोजायचा, दोन्ही टोकांना काठी बांधून, अँगल मोबाइलवर येतोच.

आता मला तीन आकडे पाठवा, पायलटचे पाच मिनिटांचे वॉट, त्याचं वजन, आणि कोणती ट्यूब कोणत्या थरांची मिळतेय ते. स्पॅन २६ ठेवायचा की ३० ते त्यावरून काढून देतो.